जमीन आपली, पण खालचा मुरूम कुणाचा?

मागच्या महिन्यात बारामती-इंदापूरच्या शिवेवरील एका वस्तीवर आम्ही जातीच्या दाखल्यांचे अर्ज भरून घ्यायला गेलो होतो. काम उरकले, चहा आला आणि बारावीत शिकणाऱ्या एका मुलाने विचारले, "काका, अमेरिकेत शेतात तेल लागलं की शेतकरी करोडपती होतो म्हणे. आपल्या बोअरला तेल लागलं तर?" सगळे हसले. कोपऱ्यात बसलेले तात्या मात्र हसले नाहीत. "तेल राहू दे बाबा. माझा मुरूम गेला, त्याचं आधी बघा," असे म्हणून त्यांनी पिशवीतून तहसीलची नोटीस बाहेर काढली. ती नोटीस आम्ही आधीही वाचली होती. त्यात आमचाही थोडा हात आहे, ते पुढे येईलच.

मुलाचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेत खासगी जमिनीखालचे तेल बहुतेक ठिकाणी जमीनमालकाचे असते. कंपनी त्याच्याशी करार करते, सुरुवातीला एकरकमी पैसे देते आणि पुढे निघालेल्या तेलातला हिस्सा देते. जुन्या करारांत हा हिस्सा साधारण एक अष्टमांश असे. मात्र तिथे जमीन वेगळी आणि खालचे खनिज वेगळे असेही विकता येते. आजोबाने खनिजाचा हक्क विकून टाकलेला असला, तर शेत नातवाचे आणि तेल दुसऱ्याचे, असा प्रकार तिथेही होतो.

आपल्याकडे रीत निराळी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे जमिनीतील खनिजांचा हक्क राज्य शासनाचा आहे. सातबारावर तुमचे नाव असो, खाली मुरूम लागो, दगड लागो की वाळू, त्यावर शासन रॉयल्टी घेते. गुजरातेत १९६० साली अंकलेश्वरला तेल लागले, तेव्हाही शेतकऱ्याला भरपाई मिळाली ती जमिनीची आणि पिकाची, तेलाची नव्हे. केरळातल्या मलबारच्या जमीनधारकांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि ८ जुलै २०१३ रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला. हा निकाल ऐकून आपल्याकडेही काही जण 'आता सगळे आपलेच' असे सांगत फिरतात. पण मलबारची जुनी जमीनपद्धत वेगळी होती आणि तिथे कलम ४८ सारखा कायदा आड येत नव्हता. आपल्याकडे तो आहे.

राहिली गोष्ट तेलाची. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी थरावर थर साचून थंड झालेला लाव्हा. तेल सापडते ते गाळाच्या खडकांत. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर अभ्यासासाठी खोल छिद्र घेतले, त्यात ३३८ मीटरपर्यंत हाच पाषाण लागला. कोयनेजवळ २०१७ साली तीन किलोमीटर खोल गेले, तर पाषाणाखाली ग्रॅनाइट निघाला. महाराष्ट्राजवळचे मोठे तेल म्हणजे १९७४ साली समुद्रात सापडलेले बॉम्बे हाय. तेव्हा बारामतीच्या बोअरला पाणी लागले तरी पुष्कळ झाले!

पण हाच काळा पाषाण झिजून, कुजून मुरूम होतो आणि मुरमाला आज मोठे गिऱ्हाईक आहे. पाटस-बारामती-इंदापूर पालखी मार्गासारखे मोठे रस्ते, घरे, भराव, सगळीकडे मुरूम लागतो. मुरूम कुठे सापडतो? हलक्या जमिनीत, माळावर. आणि गावोगाव माळाच्या जमिनी कुणाच्या वाट्याला आल्या, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

तात्यांची जमीन महार वतनाची. वतनाच्या नावाखाली अख्ख्या गावाची राबणूक करून घेत, म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतनाचे बिल मांडले. कौन्सिलातला विरोध पाहून ते पुढे मागे घ्यावे लागले. शेवटी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली आणि जमिनी शर्तीवर परत मिळाल्या. सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेले असते ते त्यामुळे. ही जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. शेतीऐवजी दुसऱ्या कामाला दिली, तर शर्तभंगाची कारवाई होऊ शकते.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एक मुरूमवाला तात्यांकडे आला. "माळ पडीकच आहे, दहा गुंठ्यांतला मुरूम देता का? साठ हजार रोख. वर जमीन सपाट करून देतो," असे बोलणे झाले. घरी नातीचे लग्न तोंडावर होते. तात्या स्टँपपेपर घेऊन आमच्याकडे आले. गावात कुणालाही कागद करायचा असला की आम्हालाच हाक मारतात. पतसंस्थेत कारकुनी करून आमचे अक्षर बरे झाले आहे, एवढीच आमची लायकी. आम्ही करारनामा लिहून दिला. परवाना आहे का, हे विचारले नाही. सातबारावर सात नावे असताना सही एकट्या तात्यांची कशी, हेही विचारले नाही.

मुरूमवाल्याने दहा फूट खोल खणले. वरची मातीसुद्धा गेली. सपाटीकरण झाले नाहीच. मग तक्रार झाली, मोजणी झाली आणि सात जणांच्या नावे नोटीस निघाली. करारनाम्यात मुरूमवाल्याचा पत्ता होता, पण त्या पत्त्यावर तो राहतच नव्हता.

मग आम्ही हिशोब मांडला, जो आधी मांडायला हवा होता. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. दहा गुंठे आणि दहा फूट खोली धरली, तर १,०८,९०० घनफूट होतात. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे १०८९ ब्रास. चार ब्रासचा डंपर धरला तरी दोनशे सत्तरच्या वर खेपा झाल्या. साठ हजार भागिले १०८९, म्हणजे तात्यांना ब्रासला पंचावन्न रुपये पडले. शासनाची रॉयल्टीच २०२१ पासून ब्रासला ६०० रुपये आहे. म्हणजे ज्याने परवाना काढला नाही, त्याने साडेसहा लाखांची रॉयल्टी वाचवली. आणि विनापरवाना उत्खननाला दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत होऊ शकतो. बी.कॉम. झालेल्या माणसाला हा गुणाकार-भागाकार स्टँपपेपर लिहिताना सुचू नये?

खासगी जमिनीतून मुरूम काढायला २०१३ च्या गौण खनिज नियमांप्रमाणे आधी महसूल खात्याचा परवाना लागतो. रॉयल्टी परवानेदार शासनाकडे भरतो. आणि भरलेल्या प्रत्येक गाडीबरोबर वाहतूक पास असतो. जमीनमालक मागू शकतो तो खड्ड्याचा मोबदला. तोही ब्रासवर ठरवावा, ठोक रकमेवर नव्हे. खोली किती, वरची माती कुठे ठेवणार, खड्डा कधी बुजवणार, हे कागदावर यावे. परवान्याची प्रत आपल्या हाती आल्याशिवाय जेसीबीला बांध ओलांडू देऊ नये. वर्ग २ ची जमीन असेल तर आधी तलाठ्याकडे आणि तहसीलमध्ये विचारावे. घराचा पाया खणून ती माती त्याच जागेत भरली, तर गोष्ट वेगळी. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली म्हटले की, खणलेल्या मातीचा वापर कशासाठी झाला ते पाहावे लागेल. पण दोनशे सत्तर डंपर बाहेर गेल्यावर हे बोलता येत नाही.

नोटीस आली तर ती उशाखाली ठेवू नका. मुदतीत लेखी म्हणणे द्यावे. तहसीलदारांचा आदेश झाला तरी प्रांताकडे साठ दिवसांत अपील करता येते. वकिलाच्या फीची चिंता असेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर जातीच्या दाखल्यावर बौद्धांनाही तो हक्क आहे. वस्तीवर आम्ही दाखल्यांसाठी हिंडतो ते याहीसाठी.

सात नावांतले एक नाव तात्यांच्या बहिणीचे आहे. आक्का भांडुपला राहतात, धुण्याभांड्याची कामे करून मुले शिकवली. साठ हजारांतला एक रुपया त्यांना मिळाला नव्हता आणि माळ खणल्याचे त्यांना नोटिशीनेच कळले. भावाशी त्या दोन महिने बोलल्या नाहीत. शेवटी मागच्या रविवारी एस.टी.ने आल्या, खड्ड्याच्या कडेला उभ्या राहिल्या. खड्ड्यात पावसाचे पाणी साचले आहे आणि वस्तीवरची पोरे त्यात पोहायला उतरतात, म्हणून तात्यांनी भोवती बाभळीचे काटे टाकले आहेत. आक्का म्हणाल्या, "आधी तार लाव. काट्यानं पोरं थांबत नसतात."

संध्याकाळी वकीलपत्रावर सातही जणांच्या सह्या-अंगठे घ्यायचे होते. आक्कांनी पेन हातात घेतले आणि आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "ह्या खेपेला मोठ्यानं वाचून दाखव." आम्ही पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले.