बिनतारी नियंत्रणातील संदेशवहन-बिघाड

कारखाने, पाणीपुरवठा, सिंचन, रेल्वे इ. क्षेत्रांत दूरच्या यंत्रांकडून माहिती मिळविणे व त्यांना आज्ञा देणे ही कामे तारांऐवजी रेडिओ तरंगांद्वारे करणाऱ्या व्यवस्थेस बिनतारी नियंत्रण प्रणाली म्हणतात. अशा प्रणालीत संदेश न पोहोचणे, उशिरा पोहोचणे, विकृत होणे, पुन्हा पोहोचणे किंवा संदेशांचा क्रम बदलणे यांस संदेशवहन-बिघाड म्हणतात. असे बिघाड पूर्णपणे टाळता येत नाहीत. म्हणून ते ठरावीक मुदतीत ओळखणे आणि दुरुस्ती होईपर्यंत यंत्र सुरक्षित स्थितीत ठेवणे हे अभिकल्पाचे (आराखड्याचे) मुख्य उद्दिष्ट असते.

मूलतत्त्व : संदेश आला नाही, याचा अर्थ सर्व काही ठीक आहे असा होत नाही. हे तत्त्व बिनतारी नियंत्रणाहून जुने आहे. अमेरिकन अभियंते विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या रूळ-मंडलात रुळांतून विद्युत् प्रवाह सतत वाहता ठेवलेला असतो. गाडी आल्यास, रूळ तुटल्यास किंवा विद्युत् घटमाला निकामी झाल्यास तो ग्राहीपर्यंत पोहोचत नाही आणि सिग्नल धोका दर्शवितो. कारखान्यांतील मापनात ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाह वापरतात, त्यामागेही हाच विचार आहे. ४ मिलिअँपिअर म्हणजे शून्य मापन. प्रवाहच शून्य झाला, तर तार तुटली असे समजते.

कारणे : बुलढाणा जिल्ह्याच्या भूरचनेवरून बिघाडाची कारणे चांगली समजतात. जिल्ह्याचा उत्तर भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातील मैदानाचा, तर दक्षिण भाग अजिंठ्याच्या डोंगररांगांलगतच्या पठाराचा आहे. स्थानिक व्यवहारात त्यांना अनुक्रमे ‘घाटाखालचा’ व ‘घाटावरचा’ प्रदेश म्हणतात. घाटाच्या कड्याआड थेट दृष्टिरेषा मिळत नाही, म्हणून उंचवट्यावर पुनःप्रेषक उभारावा लागतो. मैदानात तरंग दूरवर जातात. परंतु आकाशक (अँटेना) कमी उंचीवर असल्यास वाढलेली ज्वारी वा मका आणि पावसाने भिजलेली पाने तरंग शोषून घेतात. उन्हाळ्यात बसविलेली व तेव्हा नीट चाललेली प्रणाली पावसाळ्यात अडखळू लागते, त्याचे हे एक कारण होय. ढगाळ दिवसांत सौर पट्टांपासून घटमाला पुरेशी भारित होत नाही, हे दुसरे. भारतात ८६५–८६८ मेगॅहर्ट्‌झ व २.४ गिगॅहर्ट्‌झ हे कंप्रता पट्टे अल्पशक्तीच्या उपकरणांना विनापरवाना खुले आहेत. त्यामुळे तेथे परस्परांच्या संदेशांत व्यत्यय येतो.

बिघाड ओळखणे : प्रत्येक संदेशास अनुक्रमांक दिल्यास गळालेला, पुन्हा आलेला व क्रम चुकलेला संदेश कळतो. वेळेची नोंद असल्यास उशीर कळतो आणि संदेशातील अंकांवरून काढलेली तपासणी-संख्या जोडल्यास विकृती उघड होते. याखेरीज सांगण्यासारखे काही नसतानाही ठरावीक अंतराने ‘मी चालू आहे’ असा स्पंद-संदेश पाठवितात. ग्राहीकडील पहारा-कालमापक प्रत्येक संदेशागणिक नव्याने सुरू होतो. मुदत संपेपर्यंत संदेश न आल्यास तो बिघाड जाहीर करतो.

ही मुदत यंत्रणेच्या गरजेवरून ठरवावी लागते. समजा, पंप मिनिटास ५०० लिटर पाणी टाकीत सोडतो आणि इशारा-पातळीच्या वर टाकीत १०,००० लिटरांची जागा आहे. पाणी इशारा-पातळीला पोहोचल्याच क्षणी संदेश बंद पडला, तरी टाकी वाहू लागण्यास २० मिनिटे लागतील. मुदत याहून बरीच कमी हवी. उलट, ती फार कमी ठेवल्यास खोटे इशारे वाढतात. दर मिनिटास एक संदेश व दहांपैकी एक गळत असेल, तर लागोपाठ तीन संदेश गळण्याचा प्रसंग सरासरीने रोज एकदा तरी येईल. लागोपाठ पाच गळण्याचा मात्र सुमारे अडीच महिन्यांत एकदा. म्हणून येथे पाच मिनिटांची मुदत योग्य ठरते. प्रत्यक्षात व्यत्यय सलग येऊ शकतो. यास्तव २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वायरलेस-हार्ट या प्रमाणित पद्धतीत प्रत्येक संदेशागणिक कंप्रता बदलतात व संदेशास अनेक मार्ग उपलब्ध ठेवतात.

उपाययोजना : बिघाडानंतरची सुरक्षित स्थिती सर्वत्र एक नसते. टाकी भरणारा पंप थांबविणे इष्ट, परंतु तळघरातील पाणी उपसणारा पंप थांबविणे घातक ठरते. धरणाचा दरवाजा आहे त्याच स्थितीत ठेवून जागेवरील कर्मचाऱ्याकडे नियंत्रण देणे सामान्यतः श्रेयस्कर असते. रेल्वेत गाडी थांबविणे हाच सुरक्षित मार्ग होय. ‘कवच’ या भारतीय प्रणालीत (राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकार २०२०) एंजिन व स्थानक यांच्यात रेडिओ संदेशवहन असते. सुरक्षित स्थितीत जाण्याचा निर्णय यंत्राजवळच्या नियंत्रकाने स्वतः घ्यावयाचा असतो, कारण संपर्क तुटल्यावर दूरची आज्ञा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

उशिरा पोहोचलेली आज्ञा ही न पोहोचलेल्या आज्ञेहून अधिक धोकादायक असते. शेतकरी विहिरीवरील पंप मोबाइल स्टार्टरने घरबसल्या चालू-बंद करतात. चालू करण्याचा लघुसंदेश जाळ्यात अडकला, पंप सुरू न झाल्यामुळे कोणी दुरुस्तीसाठी विहिरीत उतरले आणि त्याच वेळी तो संदेश पोहोचला, तर जीवावर बेतू शकते. म्हणून आज्ञेस मुदत असावी व मुदत संपलेली आज्ञा यंत्राने नाकारावी. तसेच दुरुस्तीपूर्वी जागेवरील मुख्य स्विच बंद करून त्यास कुलूप लावावे. दूरच्या कोणत्याही आज्ञेला तो ओलांडता येता कामा नये. पाणी नसताना पंप बंद करणारी संरक्षक योजनाही पंपाजवळच असावी लागते.

संपर्क पुन्हा जुळताच यंत्र आपोआप चालू करीत नाहीत. प्रथम त्याची प्रत्यक्ष स्थिती वाचतात, साठलेल्या जुन्या आज्ञा रद्द करतात व नंतर नवी आज्ञा देतात. प्रत्येक बिघाडाची वेळ व कालावधी नोंदविल्यास तो पिकांच्या वाढीबरोबर, ढगाळ हवेत की विशिष्ट तासांनाच येतो हे उमगते आणि आकाशक उंच करावा, घटमाला वाढवावी की कंप्रता बदलावी याचा निर्णय घेता येतो.