बँकेच्या वकिलाने कागद पाहिले, मग आपला वकील कशाला?

म्हैसूरच्या वायव्येला, कृष्णराजसागर धरणाच्या दिशेला बेळगोळ औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या कारखान्यांच्या पत्त्यात शहर म्हणून म्हैसूर लिहिलं जातं. बेळगोळ गाव मात्र महसुली दप्तरात श्रीरंगपट्टण तालुक्यात, म्हणजे मंड्या जिल्ह्यात मोडतं. या पट्ट्यात एका भूखंडाचे कागद औद्योगिक विकास मंडळाकडे असतात, दुसऱ्याचे ग्रामपंचायतीकडे आणि तिसऱ्याचे म्हैसूरच्या विकास प्राधिकरणाकडे. शेजारच्या हेब्बाळला इन्फोसिसचं विस्तीर्ण संकुल आहे. नोकरीनिमित्त इथे आलेलं मराठी कुटुंब घर घ्यायला निघालं की सातबारा आणि इंडेक्स टूची सवय असलेल्या डोळ्यांपुढे आरटीसी (जमिनीचा उतारा), खाता (मालमत्ता कराची नोंद), ईसी असे कागद येतात, तेही कन्नडमध्ये. अशा वेळी एक वाक्य हमखास कानी पडतं: ‘बँक लीगल बघतेच की! फुकटात होतंय, मग वेगळा वकील कशाला करायचा?’

या एका वाक्यात बरेच गैरसमज दडले आहेत.

पहिला गैरसमज ‘फुकट’ या शब्दाचा. सणासुदीच्या योजनेत बँक कायदेशीर तपासणीचं शुल्क माफ करते, एरवी ते प्रोसेसिंग फीमध्ये धरते किंवा वेगळं आकारते. १ ऑक्टोबर २०२४पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ मुदत कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ बंधनकारक केलं आहे. बँक एखाद्या त्रयस्थासाठी कर्जदाराकडून जो पैसा घेते, त्यात वकिलाची फीही आली, तो या पत्रकात दाखवावा लागतो आणि वार्षिक खर्चाच्या दरात धरावा लागतो. तेव्हा तपासणी खरोखर फुकट आहे का, हे सही करण्यापूर्वी त्या पत्रकात पाहून घ्यावं.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. बँकेच्या पॅनेलवरचा वकील आपलंही काम करतोय, असं ग्राहक धरून चालतो. त्या वकिलाचा सर्च रिपोर्ट बँकेच्या नावे असतो. ही मालमत्ता गहाण ठेवून घेता येईल का आणि कर्ज थकलं तर ती विकून पैसे वसूल होतील का, एवढंच त्याला विचारलेलं असतं. साठेखतातली कलमं खरेदीदाराच्या बाजूने आहेत का, व्यवहार मोडला तर इसारा परत मिळेल का, ताबा कधी मिळणार, पुढे कोणी हक्क सांगितला तर विक्रेता भरपाई देणार का, हे प्रश्न त्याच्यापुढे येतच नाहीत. घर ५० लाखांचं किंवा त्याहून महाग असेल तर विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून भरणं खरेदीदाराचं काम आहे. विक्रेता परदेशस्थ असेल तर कपातीचा नियमच वेगळा. हे आठवण करून देणंही बँकेच्या वकिलाच्या कामात बसत नाही.

यात त्या वकिलाचा दोष नाही. पॅनेलवरचे वकील बहुधा अनुभवी असतात आणि त्यांची तपासणी नेटकी असते. पण ती बँकेसाठी असते. त्यांच्या जबाबदारीची रेषा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१२मध्ये सीबीआय विरुद्ध के. नारायण राव या खटल्यात आखून दिली. हैदराबादेत विजया बँकेच्या गृहकर्जांत घोटाळा झाला होता आणि अभिप्राय देणाऱ्या पॅनेलवरच्या वकिलालाही आरोपी केलं होतं. न्यायालयाने सांगितलं की केवळ अभिप्राय चुकीचा निघाला म्हणून वकिलावर फौजदारी कारवाई करता येणार नाही, कटात सामील असल्याचा पुरावा हवा. प्रत्यक्ष बँकेलाच इतकं सिद्ध करावं लागत असेल, तर ज्याने त्या वकिलाला नेमलंच नव्हतं त्या कर्जदाराच्या हाती काय उरतं, याचा विचार करावा.

वेळेचाही प्रश्न आहे. बँक कागद मागते तोवर बहुतेकांनी साठेखत करून इसारा दिलेला असतो. दोष तेव्हा सापडला तर बँक कर्ज नाकारून मोकळी होते, अडकतो खरेदीदाराचा पैसा. आपला वकील गाठायचा तो इसारा देण्यापूर्वी.

‘बँक आपले लाखो रुपये घालतेय, म्हणजे टायटल क्लिअर असणारच,’ असाही एक युक्तिवाद असतो. हिशेब मांडून पाहा. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देऊ शकते. घर ६० लाखांचं असेल तर ४८ लाख बँकेचे आणि १२ लाख पदरचे. कर्नाटकात मुद्रांक शुल्क, त्यावरचे अधिभार आणि ऑगस्ट २०२५च्या अखेरीस १ टक्क्यावरून २ टक्के झालेलं नोंदणी शुल्क धरून आणखी सुमारे साडेचार लाख. टायटल बुडालं तर हे साडेसोळा लाख जातात आणि बँकेचं कर्ज कर्जदाराच्या डोक्यावर तसंच राहतं, कारण परतफेडीची हमी त्याने स्वतः दिलेली असते. बँकेकडे जामीनदार असतो, कर्जदाराचा पगार असतो. खरेदीदाराकडे फक्त ते घर असतं.

मग ईसीवर विसंबायचं का? ईसी, म्हणजे बोजा प्रमाणपत्र, हा कर्नाटकातल्या खरेदीत सगळ्यांत आधी मागितला जाणारा कागद. व्यवहार नोंदलेले असतील तर नमुना १५, काहीच नोंद नसेल तर नमुना १६. कावेरी पोर्टलवर १ एप्रिल २००४नंतरच्या नोंदी घरबसल्या मिळतात, त्यापूर्वीच्या नोंदींसाठी उपनिबंधकाच्या कचेरीत जुनी दप्तरं काढावी लागतात. कोणी १३ वर्षांचा शोध पुरेसा मानतो, कोणी ३० वर्षांचा. तीस वर्षांमागे कारण आहे: गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याला आणि सरकारच्या दाव्याला मुदत कायद्याने ३० वर्षांची मुदत दिली आहे. आपला वकील किती वर्षं मागे जाणार, हे त्याला आधीच विचारून ठेवावं.

पण ईसीत फक्त नोंदणीकृत दस्त दिसतात. तोंडी वाटणी, नोंदणी न केलेलं मृत्युपत्र किंवा कोर्टात चालू असलेला दावा त्यात सापडेलच असं नाही. मूळ कागद बँकेत नुसते ठेवून घेतलेलं कर्ज नोंदलेलं नसेल तर तेही दिसत नाही. त्यासाठी सरसाई ही केंद्रीय नोंदवही २०११पासून आहे आणि शुल्क भरून कोणालाही तिथे शोध घेता येतो.

सगळ्यांत जास्त भांडणं होतात ती मुलींच्या सहीवरून. वडिलोपार्जित जमीन भावांनी विकली, बहिणींना विचारलंच नाही, हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही आणि कर्नाटकालाही नाही. दोन्ही राज्यांनी १९९४मध्येच मुलींना सहदायाद केलं होतं, फक्त तेव्हा लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. केंद्राने २००५मध्ये हिंदू वारसा कायदा दुरुस्त करून तो फरक मिटवला आणि ११ ऑगस्ट २०२०च्या विनीता शर्मा निकालाने हा हक्क जन्मतः असल्याचं पक्कं केलं. नोंदणीकृत वाटणी किंवा विक्री २० डिसेंबर २००४पूर्वीची असेल तर तिला धक्का लागत नाही. म्हणून विक्रेत्याच्या घरचा वंशवृक्ष मागून त्यातलं प्रत्येक नाव दस्तावर आहे का, हे पाहणं अटळ आहे. ‘बहिणी काही मागणार नाहीत’ हे विक्रेत्याचं आश्वासन कोर्टात टिकत नाही.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला बेळगोळच्या परिसरात आणखी एक कायदा माहीत असायला हवा. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबांना सरकारने दिलेल्या जमिनी इतरांच्या हाती जाऊ नयेत म्हणून कर्नाटकाने १९७८मध्ये पीटीसीएल कायदा केला. अशी जमीन सरकारच्या परवानगीशिवाय विकली तर व्यवहार निरर्थक ठरतो आणि जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाऊ शकते. दाद वाजवी मुदतीत मागितली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये म्हटलं होतं. राज्याने २०२३मध्ये कायदा दुरुस्त करून मुदतीची अट लागू नाही असं घातलं, त्यामुळे खूप जुना व्यवहारही वादात येऊ शकतो. हा कायदा न्याय्य आहे, त्याच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही. आपण घेतोय ती जमीन अशी आहे का, एवढं शोधायचं. त्यासाठी मूळ ‘सागुवळी चीटी’, म्हणजे जमीन दिल्याचा दाखला, आणि जुनी आरटीसी पाहावी लागते. ती कन्नडमध्ये, कित्येकदा हातची लिहिलेली असते. बँकेच्या इंग्रजी अहवालातला ‘क्लिअर अँड मार्केटेबल’ हा शेरा वाचून यातलं काहीच कळत नाही. आपला वकील शेजारी बसवून कागद वाचून दाखवू शकतो.

गावठाणाबाहेरचा भूखंड असेल तर ग्रामपंचायतीच्या ई-स्वत्तु प्रणालीतले नमुना ९ आणि ११अ मागावेत. ११ब मिळाला तर जमीन बिनशेती झाली आहे का, आराखडा मंजूर आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्राधिकरणाने दिलेला भूखंड म्हणजे निर्धोक, हाही समज म्हैसुरातच डळमळला. तिथल्या नगरविकास प्राधिकरणाच्या ५०:५० योजनेतल्या वाटपाची २०२४मध्ये चौकशी सुरू झाली आणि जानेवारी २०२५मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने त्या तपासात १४२ स्थावर मालमत्तांवर तात्पुरती जप्ती आणली. त्यांची किंमत सुमारे ३०० कोटी रुपये सांगितली गेली. वाटपाचं पत्र खरं आहे एवढ्यावर थांबून चालत नाही, ते कोणत्या ठरावाने दिलं आणि त्याबदल्यात कोणाची जमीन घेतली, इथपर्यंत जावं लागतं.

दस्त नोंदला की मालकी पक्की, हा समज तर सुशिक्षितांतही आहे. इंग्लंडमध्ये सरकारी भूमी नोंदवही मालकीची हमी देते आणि तिच्या चुकीने नुकसान झालं तर भरपाईही मिळते. भारतात तशी हमी नाही. विक्रेत्याला मालकी आहे की नाही हे तपासणं नोंदणी अधिकाऱ्याचं कामच नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५मध्ये तमिळनाडूच्या एका प्रकरणात पुन्हा सांगितलं. खाता आणि फेरफारही मालकी देत नाहीत. म्हणून मालकीची साखळी तपासायचं ओझं भारतात खरेदीदारावर येतं.

बिल्डरकडून फ्लॅट घेताना थोडा आधार आहे. जमिनीच्या सदोष मालकीमुळे नुकसान झालं तर रेराच्या कलम १८(२) नुसार प्रवर्तकाने भरपाई द्यायची असते आणि त्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही. जुनं घर किंवा मोकळा भूखंड एखाद्या व्यक्तीकडून घेणाऱ्याला हे संरक्षण नाही.

आता दुसरी बाजू. आपला वकील नेमला म्हणजे विमा उतरवला, असंही समजू नये. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. निष्काळजीपणा झाला तर दिवाणी दावा आणि बार कौन्सिलकडे तक्रार, हे मार्ग आहेत. त्यामुळे वकील निवडताना तो दलालाने किंवा विक्रेत्याने सुचवलेला नसावा, त्याच तालुक्यात काम करणारा असावा आणि अभिप्राय आपल्या नावे लेखी देणारा असावा. बँक स्वतःची तपासणी करायची ती करेलच. तिच्या अहवालाची प्रत मागावी आणि आपल्या वकिलाला दाखवावी.

प्रत्येक वेळी हा खर्च करायलाच हवा असं मात्र नाही. कमी व्याजासाठी चालू गृहकर्ज एका बँकेतून दुसरीकडे नेताना मालक तोच, घर तेच आणि नवं साठेखतही नसतं. तिथे नव्या बँकेच्या वकिलाची तपासणी पुरे, विशेषतः ती खरोखर फुकट असेल तर. तरत्या व्याजदराचं कर्ज व्यक्तीने स्वतःच्या घरासाठी घेतलेलं असेल तर जुनी बँक मुदतपूर्व फेडीचा दंड लावू शकत नाही. लक्ष ठेवायचं ते मूळ कागदांवर. कर्ज घेताना दिलेल्या कागदांची सही-शिक्क्याची यादी जपून ठेवावी, कारण १ डिसेंबर २०२३पासून लागू असलेल्या नियमानुसार कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला मिळतात.