बोटीवरची बॅटरी आणि घरातला इन्व्हर्टर : हिशेब एकच

आळंद : करंट गेला की आळंद असो, अक्कलकोट असो, उमरगा असो की बसवकल्याण, घरात पहिला आवाज येतो तो इन्व्हर्टरचा. नवी बॅटरी बसवली त्या वर्षी पंखे तीन-तीन तास फिरतात. दुसऱ्या उन्हाळ्यात दीड तास. तिसऱ्या उन्हाळ्यात मुलगा अभ्यासाला बसला की अर्ध्या तासात टूं-टूं सुरू. मग "कंपनीचा मालच खराब" म्हणायचं आणि पंधरा-वीस हजार घालून दुसरी आणायची. माल खराब निघत नाही असं नाही. पण बऱ्याच बॅटऱ्या वेळेआधी मरतात त्या हिशेब चुकल्यामुळे.

हा हिशेब सगळ्यात चोख ठेवणारे लोक शेकडो किलोमीटर लांब समुद्रात सापडतात. आपल्याकडे पाणी म्हटलं की अमरजा धरण, नाहीतर गाणगापूरचा भीमा-अमरजा संगम. बोटीवर राहण्याचा प्रश्न इथे कोणाला येत नाही. पण शिडाच्या बोटीवर महिनोन्‌महिने राहणाऱ्यांची अडचण शेतवस्तीवर एक सोलर प्लेट आणि एक बॅटरी घेऊन राहणाऱ्या माणसासारखीच आहे. फरक एवढाच की वस्तीवर अंधार झाला तर कंदील लावता येतो. समुद्रात बॅटरी बसली तर रेडिओ बंद, दिवा बंद, आणि मागून येणाऱ्या जहाजाला आपण दिसत नाही.

जिथे तारच पोचत नाही

भारतीय नौदलाची 'म्हादेई' ही ५६ फुटी शिडाची बोट गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधली गेली. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून तिच्यावरून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये जगाची फेरी पूर्ण करून परतले. एकट्याने शिडाच्या बोटीने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्याच शिपयार्डमध्ये बांधलेली 'तारिणी' घेऊन लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या. २१ मे २०१८ रोजी, २५४ दिवसांनी, त्या परत आल्या. पुढे २०२४-२५ मध्ये लेफ्टनंट कमांडर रूपा ए. आणि दिलना के. या दोघींनीच 'तारिणी'वरून तशीच फेरी मारली.

अशा प्रवासात ढकलायचं काम वारा करतो. पण दिवे, रेडिओ, जीपीएस, सुकाणू धरणारं यंत्र, हवामानाची माहिती आणणारा उपग्रह फोन हे सगळं बॅटरीवर. म्हणून बोटीवर राहणारा माणूस सकाळी उठला की आभाळाबरोबर बॅटरीचा व्होल्टमीटरही बघतो.

आधी खर्चाची बाजू

दुकानदार किराणाची वही लिहितो तसंच हे काम. आधी दिवसाचा खर्च काढायचा, मग जमा किती लागेल ते ठरवायचं. बॅटरीचं चलन म्हणजे ॲम्पिअर-अवर, बोलीभाषेत 'एएच'. एखादी वस्तू ४ ॲम्पिअर ओढते आणि १२ तास चालते, तर खर्च ४८ एएच. लांबच्या प्रवासातल्या १२ व्होल्टच्या बोटीचा एका दिवसाचा नमुन्याचा हिशेब असा धरता येईल :

- आपोआप सुकाणू धरणारं यंत्र : सरासरी ३ ॲम्पिअर, २४ तास = ७२ एएच
- छोटा फ्रिज : ४ ॲम्पिअर, चालू-बंद धरून १२ तास = ४८ एएच
- जीपीएस, नकाशाचा पडदा, वारा आणि खोली दाखवणारी यंत्रं : २ ॲम्पिअर, २४ तास = ४८ एएच
- रेडिओ आणि जहाजांची ओळख सांगणारं एआयएस : अर्धा ॲम्पिअर, २४ तास = १२ एएच
- एलईडी दिवे : १ ॲम्पिअर, ८ तास = ८ एएच
- मोबाईल, लॅपटॉप, पाण्याचा पंप : १२ एएच

बेरीज २०० एएच. व्होल्टने गुणलं की २,४०० वॅट-अवर, म्हणजे २.४ युनिट. घरच्या वीजबिलात हा आकडा कोणाच्या लक्षातही येणार नाही. बोटीवर मात्र एवढी वीज रोज नव्याने कमवावी लागते.

या यादीत मोठा खर्च कुठला ते बघण्यासारखं आहे. लोक दिव्यांवर डोळा ठेवतात, पण खाणारे दुसरेच. रात्रंदिवस चालणारी लहान यंत्रं आणि फ्रिज. म्हणूनच जुने दर्यावर्दी फ्रिज ठेवत नाहीत आणि सुकाणूला वाऱ्यावर चालणारी यंत्रणा लावतात, तिला वीज लागतच नाही. कमाई वाढवण्यापेक्षा खर्च कमी करणं स्वस्त, हा धंद्यातला नियम इथेही लागू.

शिल्लक सगळी काढायची नसते

शिसं-ॲसिडच्या बॅटरीवर १५० एएच लिहिलं म्हणून १५० वापरायचे नसतात. निम्म्याखाली उतरवत गेलं की तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. म्हणजे रोज २०० एएच लागत असतील तर बोटीवर निदान ४०० एएचचा साठा हवा. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, तिथे २५० एएच पुरतात. ती वजनालाही बरीच हलकी, पण सुरुवातीची किंमत जास्त.

बॅटरीवर 'सी-१०' किंवा 'सी-२०' असं लिहिलेलं असतं, तेही वाचावं. १५० एएच सी-२० म्हणजे ती वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर १५० देणार. तीच बॅटरी तीन तासांत पिळली तर त्यापेक्षा बरंच कमी देते. भार जितका मोठा, तितकी बॅटरी लहान होते.

साठा किती उरला हे व्होल्टवरून अंदाजे कळतं. भार आणि चार्जिंग दोन्ही बंद करून दोनेक तास थांबल्यावर शिसं-ॲसिडची बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. चार्जर चालू असताना दिसणारे १३-१४ व्होल्ट चार्जरचे असतात, त्यावर जाऊ नये.

जमेची बाजू

बोटीवर कमाईचे मार्ग तीन-चारच. इंजिनाला लावलेला अल्टरनेटर, सोलर पॅनेल, पवनचक्की आणि पाण्यात सोडलेला पंखा, जो बोटीच्या वेगाने फिरून वीज करतो. बंदरात लागलं तर किनाऱ्यावरची तार जोडता येते.

सोलरचा हिशेब सोपा आहे. चांगल्या उन्हात पॅनेलच्या वॅटला ४ तासांनी गुणायचं. ४०० वॅटचं पॅनेल दिवसाला १,६०० वॅट-अवर देतं, वाटेतली घट वजा जाता ११०-१२० एएच हाती लागतात. ढग आले की हेच उत्पन्न पाव हिश्श्याच्याही खाली येतं. शिवाय डोलकाठीची बारीक सावली एका कोपऱ्यावर पडली तरी पॅनेलची कमाई पडते. गच्चीवर पाण्याच्या टाकीची किंवा नारळाच्या झावळीची सावली पडते तेव्हा हेच होतं.

उरलेले ८० एएच इंजिनातून. अल्टरनेटरवर ८० ॲम्पिअर लिहिलेलं असलं तरी गरम झाल्यावर तो ५०-६० देतो, म्हणजे दीडेक तास डिझेल जाळायचं. इथे एक मेख आहे. रिकामी बॅटरी सुरुवातीला घटाघटा पिते, पण ८० टक्क्यांनंतर घोट-घोट घेते. शेवटच्या २० टक्क्यांना कित्येक तास लागतात. तेवढ्यासाठी इंजिन चालवणं म्हणजे एका प्रवाशासाठी अख्खी एसटी नेणं. म्हणून शहाणा खलाशी सकाळी इंजिनाने पोट भरतो आणि वरचं काम दिवसभर उन्हावर सोडतो.

मग ८० टक्क्यांवरच सोडलं तर? शिसं-ॲसिडला ते मानवत नाही. कायम अर्धवट भरलेल्या बॅटरीत पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि साठवण कमी होत जाते. लिथियमला हे दुखणं नाही. तिला रोज शंभर टक्के भरायची गरजही नसते.

घरातला आजार नेमका इथे आहे. १५० एएचची बॅटरी निम्मी उतरली आणि चार्जर १५ ॲम्पिअर देतोय असं धरलं, तर मुख्य भरणीला सहा तास आणि वरच्या हळू भरणीसह आठ-दहा तास लागतात. करंट दिवसातून दोन-तीनदा जाणाऱ्या गावात एवढा सलग वेळ मिळतच नाही. बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, आणि दोन वर्षांत तिचा दम जातो.

दोन बॅटऱ्या, दोन खाती

बोटीवरचा एक नियम कोणी मोडत नाही. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी आणि राहण्या-वापरण्याची वेगळी. दिवे-फ्रिज यांनी घरखर्चाची बॅटरी संपवली तरी इंजिनाची हात न लावता राहते. इंजिन लागलं की पुन्हा कमाई सुरू.

आपल्याकडे वरातीत, जत्रेत ट्रॅक्टरच्या बॅटरीवर रात्रभर दिवे आणि स्पीकर चालतात आणि पहाटे ट्रॅक्टर ढकलायला दहा माणसं लागतात. त्यात दुहेरी नुकसान आहे. स्टार्टरची बॅटरी दोन-चार सेकंद जोराचा करंट द्यायला बनवलेली असते. तिला रात्रभर हळूहळू रिकामं केलं की ती थोड्याच वेळात निकामी होते. त्या कामाला ट्यूब्युलर बॅटरीच हवी.

मच्छीमारांसाठी हा प्रश्न जीवाचा आहे. मासेमारी नौकांवर उपग्रहाशी बोलणारे ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा देशपातळीवरचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये झाला. एक लाख नौकांचं उद्दिष्ट आहे. वादळाचा इशारा नौकेवर येणार, संकटाचा निरोप किनाऱ्याला जाणार. पण तो डबाही शेवटी विजेवरच चालतो.

ॲसिड, वायू आणि आग

मुंबईत सागवानी लाकडात बांधलेल्या 'सुहैली' या बोटीने रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत न थांबता एकट्याने जग फिरून दाखवलं. ते करणारे ते जगातले पहिले. त्या प्रवासात बॅटरी तपासताना बोट हलली आणि ॲसिड त्यांच्या डोळ्यात उडालं. डोळा जाईल की काय या भीतीने प्रवास सोडून बंदराला लागायचा विचारही त्यांच्या मनात आला होता. डोळा वाचला. पण बॅटरीचं पाणी तपासताना चष्मा घालावा, याला यापेक्षा मोठं कारण नको. ॲसिड उडालंच तर भरपूर साध्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि थेट दवाखाना गाठायचा.

दुसरा धोका दिसत नाही. शिसं-ॲसिडची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत तो ४ टक्के झाला की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. बोटीच्या पोटात म्हणूनच बॅटरीच्या खोलीला हवेची वाट ठेवतात. खारं पाणी बॅटरीत शिरलं तर क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो, ते वेगळंच. घरी जिन्याखालच्या बंद कपाटात, देवघराच्या समईशेजारी किंवा गॅसच्या शेगडीजवळ बॅटरी ठेवणं अंगावर येऊ शकतं.

तिसरी गोष्ट वायर आणि फ्यूज. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण ३०० वॅटला १२ व्होल्टवर २५ ॲम्पिअर लागतात. वायर बारीक किंवा टर्मिनल ढिलं असेल तर तेवढ्याने आग लागते. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच.

घरात काय करायचं?

दोन साधे पंखे (१५० वॅट), चार एलईडी (३६), टीव्ही (६०) आणि वायफाय (१०) मिळून २५६ वॅट. इन्व्हर्टरची घट धरून बॅटरीतून ३०० वॅट जातात. १५० एएचमधली वापरायची निम्मी शिल्लक ९०० वॅट-अवर, म्हणजे बरोबर तीन तास. पंखे बदलून ३० वॅटचे बीएलडीसी लावले तर तीच बॅटरी साडेचार तास पुरते. करंट नसताना टीव्हीही बंद ठेवला तर सात तास. दुसरी बॅटरी घ्यायच्या आधी पंख्याची किंमत विचारावी.

बाकीच्या गोष्टी अशा :

- महिन्यातून एकदा पाण्याची पातळी बघा. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, बोअरचं किंवा आरओचं नको. ॲसिड तर कधीच नको.
- बॅटरी उन्हाच्या भिंतीला, पत्र्याखाली ठेवू नका. तापमान २५ अंशांच्या वर दर १० अंशांनी चढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो.
- आठवड्यातून एक दिवस तरी बॅटरी पूर्ण भरू द्या. तेवढा वेळ करंट राहत नसेल तर सोलर जोडा. एक बॅटरी रोज निम्मी उतरत असेल तर ३३० ते ४०० वॅटचं पॅनेल पुरतं.
- नवी आणि जुनी बॅटरी एकत्र जोडू नका. जुनी नवीला ओढून खाली आणते.
- लिथियम घ्यायची तर इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सेटिंग आहे का ते आधी विचारा.
- घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसारखं यंत्र असेल तर त्याची बॅटरी वेगळी ठेवा. तिच्यावर टीव्ही-पंखा जोडू नका. बोटीवरच्या इंजिनाच्या बॅटरीचाच नियम.

बोटीवर दर पाळीला वहीत व्होल्ट लिहितात. आकडा रोज थोडा-थोडा खाली येतोय हे वहीत आधी दिसतं, अंधार नंतर होतो. घरात रोज लिहायची गरज नाही. बॅटरीशेजारच्या भिंतीवर एक कागद चिकटवून महिन्याची तारीख, पाणी घातलं का आणि करंट गेल्यावर किती वेळ चाललं एवढं लिहिलं तरी पुरे. वॉरंटीसाठी दुकानात जाताना तोच कागद उपयोगी पडतो.