यंदा नक्की काय शिकणार, ते लिहून द्या



१६ जून ते १५ ऑगस्ट आपल्या मध्य प्रदेशात नद्या-जलाशयांतली मासेमारी बंद असते. जाळी घरात, हात मोकळे. परवा राजेंद्र नगरला बसलो तेव्हा मी विचारलं, या दोन महिन्यांत कोण काय शिकणार? उत्तरं आली: "काम सुधारू", "नवीन काहीतरी शिकू", "पाण्याकडे लक्ष देऊ". घरी येऊन गेल्या वर्षीची वही उघडली. तीच वाक्यं, माझ्याच अक्षरात!

आता गेल्या पावसाळ्यातली ती सकाळ आठवा. तीन दिवस आभाळ भरलेलं. पहाटे तळ्यातले मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. ऊन नसलं की पाण्यातलं शेवाळ प्राणवायू कमी बनवतं, आणि रात्रभर मासे, शेवाळ, गाळ सगळेच तो वापरतात. म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी. आपल्याला कळलं तोवर बरेच मासे गेले होते. पाणी तपासायचा किट कपाटातच होता. वापरता कोणालाच येत नव्हता, मलासुद्धा नाही. "लक्ष देऊ" म्हणणारे सगळे होतो. कोण देणार, कधीपासून, कसं, हे कोणीच ठरवलं नव्हतं.

नेमकं ठरवल्यानं काय होतं, ते आपल्याच धंद्यात बघा. १० जुलैला आपण राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतो, तो कशासाठी? रोहू, कतला, मृगल हे मासे तळ्याच्या साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत. पूर्वी त्यांचं बीज नदीतून गोळा करावं लागे, आणि त्यात नको ते मासेही यायचे. डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांच्यापुढे प्रश्न एकच होता: या माशांची वीण आपल्या हातानं करता येईल का? १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथे माशांना पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून ती साधली. आज आपण हॅचरीचं बीज आणतो ते त्यामुळेच.

आपलं काम एवढं मोठं नाही, पण पद्धत तीच. प्रत्येकानं चिठ्ठीवर चार गोष्टी लिहायच्या: काय शिकणार, किती, कधीपर्यंत, कोणाकडून.

तळ्यावर काम करणाऱ्यानं असं लिहावं: "१५ जुलैपर्यंत किट वापरायला शिकेन. त्यानंतर रोज पहाटे प्राणवायू मोजून वहीत लिहीन. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली गेला तर खाद्य थांबवून एरेटर लावीन आणि लगेच फोन करीन."

खाद्य बघणाऱ्यानं: "महिन्यातून एकदा जाळं टाकून नमुन्याच्या माशांचं सरासरी वजन काढीन." मासे १,०००, सरासरी वजन २०० ग्रॅम, म्हणजे एकूण २०० किलो. रोज २ टक्के धरले तर खाद्य ४ किलो. अंदाजानं पोतं रिकामं करायचं नाही.

विक्री करणाऱ्या ताईंनी: "उन्हाळ्याच्या दिवसांत किलोला किलो बर्फ घालीन, आणि रोज किती माल फुकट गेला ते लिहीन."

शिकवणार कोण? आधी आपल्यातलेच जाणते. मग जिल्ह्याचं मत्स्य कार्यालय. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचं एक केंद्र आपल्याच राज्यात, नर्मदापुरमजवळ पवारखेड्याला आहे. तिथे काय प्रशिक्षण मिळेल, ते मी या आठवड्यात विचारून सांगतो.

एकानं एकच गोष्ट लिहायची. पाच लिहिल्या की एकही होत नाही, हा माझाच अनुभव.

माझी चिठ्ठी आधी वाचून दाखवतो. मी बारावी पास माणूस. संस्थेचा हिशेब अजून वहीत लिहितो आणि कॉम्प्युटरवर चढवायला दुसऱ्याची वाट बघतो. १५ ऑगस्टपर्यंत जून आणि जुलैचा जमाखर्च मी स्वतः कॉम्प्युटरवर करणार. शिकवणारी माझी पुतणी, रोज संध्याकाळी अर्धा तास. नाही जमलं तर पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर विचारा. रागावणार नाही.

पुढच्या रविवारी चिठ्ठ्या घेऊन या. लिहिता येत नसेल तर सांगा, मी लिहून देतो. दर पंधरा दिवसांनी कोणाचं कुठवर आलं ते बघू.

आभाळ पुन्हा भरून येणारच आहे. तेव्हा किट कपाटात नको, कोणाच्या तरी हातात हवा.

आपला,
सचिव