बॅलेचा शुभ्र वेष आणि गॅसची ज्योत

बॅले म्हटले की डोळ्यांपुढे उभी राहणारी शुभ्र, तलम, फुगीर घेराच्या वेषातील नर्तकी ही त्या नृत्याइतकीच पुरातन असावी, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु चौदाव्या लुईच्या दरबारात ज्या नृत्याला राजाश्रय मिळाला, त्यातील देवदेवता जरतारी वस्त्रे, पिसांचे तुरे आणि मुखवटे यांच्या भाराखाली इतक्या दडपलेल्या असत की, त्यांच्याकडून हवेत तरंगण्याची अपेक्षा करणेच अन्यायाचे झाले असते. पुढे अठराव्या शतकात मारी कामार्गो या नर्तकीने आपल्या पावलांची चपळाई दिसावी म्हणून झग्याची कड घोट्याच्या वर घेतली, तेव्हा पॅरिसमध्ये त्याची बरीच चर्चा झाली. आज आपण बॅलेचा म्हणून जो वेष ओळखतो, तो मात्र एकोणिसाव्या शतकाचे अपत्य असून त्याच्या जन्माला नर्तकी आणि शिंपी यांच्याइतकाच गॅसचा दिवाही कारणीभूत आहे.

पॅरिसच्या ऑपेरागृहात 1822 साली ‘अलादीन’ या संगीतिकेच्या निमित्ताने गॅसची रोषणाई प्रथम झाली. तेलाच्या दिव्यांपेक्षा हा उजेड प्रखर तर होताच, शिवाय चावी फिरवताच तो कमीअधिक करता येत असल्याने रंगमंचावर चांदणे पाडणे किंवा धुक्याचा आभास निर्माण करणे आता सुलभ झाले. नोव्हेंबर 1831 मध्ये मायरबेअरच्या ‘रोबेर ल दियाब्ल’ या संगीतिकेत, ओसाड मठातल्या थडग्यांतून उठून नाचणाऱ्या शुभ्रवस्त्रा जोगिणींचा प्रसंग अशा कृत्रिम चांदण्यात सादर झाला, आणि त्यानंतर चारच महिन्यांनी, 12 मार्च 1832 रोजी, फिलिपो तालिओनी याने आपली कन्या मारी हिच्यासाठी रचलेला ‘ला सिल्फीद’ हा बॅले त्याच रंगमंचावर आला. स्कॉटलंडमधील एका तरुणाला त्याच्या लग्नाच्या दिवशीच वायुलोकीची परी मोहात पाडते आणि अखेरीस त्याच्याच हातून नकळत तिचा अंत होतो, एवढेच त्याचे कथानक. पण मारी तालिओनीने त्यात जो वेष धारण केला, त्याने पुढील कित्येक दशकांचा दंडक घालून दिला.

चित्रकार एजेन लामी याच्या नावावर असलेला हा वेष वरकरणी अगदी साधा होता: खांदे उघडे ठेवणारी घट्ट काचोळी, पोटरीच्या मध्यापर्यंत पोहोचणारा घंटेच्या आकाराचा पांढरा घेर, पाठीवर इवलेसे पंख, मस्तकी फुलांचा गजरा आणि गळ्यात व मनगटांवर मोत्यांचे सर. खरी करामत होती ती घेराच्या आत. विरळ विणीच्या, खळ देऊन ताठ केलेल्या मलमलीचे आणि तार्लातान नावाच्या सुती कापडाचे थर एकावर एक चढविल्यामुळे प्रत्येक थर खालच्या थरापासून किंचित सुटा राही, मधल्या पोकळीत हवा खेळे, आणि उजेड त्यातून झिरपत बाहेर येताना देहाची रेषा पुसून टाकी. पायांत साटीनचे मऊ जोडे असत. त्यांच्या टोकाला आजच्यासारखा कठीण आधार नसून सुईदोऱ्याने घट्ट रफू केलेला भाग तेवढा असे, आणि त्याच्या बळावर, तसेच वर्षानुवर्षे घटवलेल्या पावलांच्या जोरावर, तालिओनी चवड्यांच्या अगदी अग्रावर क्षणभर उभी राही. नृत्यातले श्रम दिसू नयेत यासाठीच जणू हा सारा वेष बेतलेला होता.

अर्थात असे कापड विपुल आणि माफक दरात मिळत नसते, तर ही वायुलोकीची कल्पना शिंपीखान्यातच अडून पडली असती. जॉन हीथकोट याने 1809 साली जाळीदार वस्त्र विणण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले होते, आणि ल्योंजवळच्या तारार येथे तलम सुती कापडाचा उद्योग भरभराटीला आला होता. त्यामुळे ऑपेरागृहाला नायिकेबरोबर समूहातील डझनावारी मुलींनाही शुभ्र थरांनी मढविणे परवडू लागले. रंगमंचावरची ही आवड प्रेक्षागृहातही लवकरच उतरली. पुढे इंग्लंडची राणी झालेल्या व्हिक्टोरियाने बालपणी आपल्या शिक्षिकेच्या साह्याने ज्या लाकडी बाहुल्यांना वेष शिवले, त्यांत तालिओनीच्या रूपातील बाहुलीलाही मानाचे स्थान होते.

उलट दिशेनेही ही देवघेव चालूच होती, कारण कथा कोठल्याही देशाची आणि काळाची असो, नर्तकीची कंबर आणि घेर मात्र चालू वर्षाच्या फॅशनला धरून असे. सेंट पीटर्सबर्गमध्ये 1877 साली मारियुस पेतिपा याने ‘ला बायादेर’ हा बॅले बसविला, त्यातील निकिया ही भारतातील देवदासी. तरीही तिच्या छायारूपाचा जो सुप्रसिद्ध प्रवेश आहे, त्यात ती आणि तिच्या भोवतालच्या साऱ्या छाया शुभ्र तलम घेरातच अवतरतात. वास्तविक 1838 साली पाँडिचेरीच्या परिसरातील देवदासींचा एक संच पॅरिसला येऊन गेला होता आणि थेओफील गोतिये याच्यासारख्या रसिक समीक्षकाने त्यांचे नृत्य डोळे भरून पाहून त्यावर लिहिलेही होते. पण रंगभूमीच्या रूढीपुढे त्या प्रत्यक्ष दर्शनाचे फारसे काही चालले नाही.

या तलम वस्त्राचा एक गुण मात्र जीवघेणा होता. थरांमध्ये खेळणारी हवा ज्याप्रमाणे उजेडाला वाट देई, त्याचप्रमाणे आगीलाही देई. आणि रंगमंचाच्या कडेला व विंगांमध्ये गॅसच्या उघड्या ज्योती जळत असत. लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात डिसेंबर 1844 मध्ये क्लॅरा वेब्स्टर हिचा झगा प्रयोग चालू असतानाच पेटला आणि तीन दिवसांनी तिचा अंत झाला. उपाय अज्ञात होता असेही नाही, कारण कापड लवकर पेट घेऊ नये म्हणून क्षारांची पुटे देण्याचे प्रयोग फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसाक याने 1821 सालीच प्रसिद्ध केले होते. पुढे 1859 मध्ये फ्रान्सच्या बादशाही सरकारने फर्मानच काढले की, नाट्यगृहातील पडदे आणि वेष कार्तेरों नावाच्या संशोधकाच्या पद्धतीने अग्निरोधक करून घ्यावेत. फर्मान निघाले, पण त्याची अंमलबजावणी ज्यांच्या हिताची त्यांनीच हरकत घेतली. औषधात बुडविलेले कापड ताठ आणि मळकट दिसे, त्याचा हलकेपणा जाई, आणि हलकेपणाविना हा वेष म्हणजे निव्वळ परकरच.

तालिओनीची लाडकी शिष्या एमा लिव्री हिने 1860 साली ऑपेराच्या संचालकांना लेखी कळविले की, आपण नेहमीच्याच वेषात नाचू आणि जे काही घडेल त्याची जबाबदारी आपली. त्याच वर्षी गुरूने तिच्यासाठी ‘ल पापियों’ हा बॅले रचला, ज्यात फुलपाखरू झालेल्या नायिकेचे पंख मशालीच्या ज्योतीने करपतात. 15 नोव्हेंबर 1862 रोजी ‘ला म्युएत द पोर्तिची’ या संगीतिकेच्या तालमीत लिव्री आपल्या प्रवेशाची वाट पाहत असताना तिने चुरगळू नयेत म्हणून घेराचे थर झटकले. त्या वाऱ्यासरशी जवळच्या गॅसच्या दिव्याची ज्योत भडकली आणि कापडाने पेट घेतला. ती रंगमंचावर सैरावैरा धावली, एका बंबवाल्याने तिला घोंगडीत लपेटले. आठ महिने यातना सोसून 26 जुलै 1863 रोजी, वयाची एकवीस वर्षे पुरी होण्याआधीच, ती वारली. त्या वेषाच्या जळक्या चिंध्या ऑपेराच्या संग्रहालयात आजही जतन केलेल्या आहेत.

लिव्रीला हट्टी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण जिची कीर्ती आणि उपजीविका देहाचा भार न दिसण्यावर अवलंबून, तिला मळकट, ताठ वेष घालावयास सांगणे म्हणजे तिच्या कलेवरच कर बसविण्यासारखे होते, हे फर्मान काढणाऱ्यांच्या ध्यानी आले नाही. शतकाच्या उत्तरार्धात इटालियन नर्तकींनी भराभर गिरक्यांचे तंत्र आणले, तेव्हा घेर गुडघ्यांच्या वर सरकत गेला आणि प्रेक्षकांचे लक्ष परीच्या आभासावरून पायांच्या सामर्थ्यावर गेले. पिएरिना लेन्यानीच्या 1895 च्या ‘स्वान लेक’मधील बत्तीस गिरक्या पोटरीपर्यंतच्या घेरात खुलून दिसल्या नसत्या. दरम्यान 1881 साली लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहाने विजेचे दिवे स्वीकारले आणि हळूहळू इतरत्रही उघड्या ज्योती रंगमंचावरून हटल्या. 1892 मध्ये लोई फुलर ही अमेरिकन नर्तकी पॅरिसमध्ये कित्येक वार रेशीम विजेच्या रंगीत झोतांत फिरवू लागली, तेव्हा वस्त्र आणि प्रकाश यांचा तोच जुना खेळ तिला निर्धास्तपणे खेळता आला. बादशाही फर्मानाने आणि रसायनशास्त्राने जे साधले नाही, ते अखेर दिवा बदलल्याने साधले, कारण त्या उपायात नर्तकीला आपल्या कलेतले काहीच सोडून द्यावे लागले नाही.