चार अक्षरांत माणूस

इझाबेल मायर्स ही फिलाडेल्फियाजवळच्या स्वार्थमोर गावात संसार करणारी बाई. कॉलेजात राज्यशास्त्र शिकलेली. मानसशास्त्राची पदवी नाही, कारखान्यात किंवा कचेरीत माणसं हाताखाली घेतल्याचा अनुभव नाही. नावावर दोन रहस्यकादंबऱ्या होत्या आणि त्यांतल्या पहिलीला एका मोठ्या स्पर्धेत बक्षीसही मिळालं होतं. आज हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत नव्या टीमची ओळखपरेड होते, तेव्हा कुणी ‘मी आयएनटीजे’ म्हणतं, कुणी ‘मी ईएनएफपी’. ती चार अक्षरं या बाईंची.

खरी सुरुवात मात्र तिच्या आईपासून झाली. लेकीनं लग्न ठरवलेला मुलगा घरी आला आणि कॅथरीन ब्रिग्ज चक्रावल्या. घरातली माणसं कल्पनेत रमणारी, हा मुलगा व्यवहारी आणि तपशिलात शिरणारा. मुलगा तर चांगला आहे, मग आपल्यासारखा कसा नाही? जावयाचा स्वभाव उलगडेना म्हणून एका सासूबाईंनी अभ्यासाला सुरुवात केली आणि त्यातून जगभरचा धंदा उभा राहिला, ही हकिगत मला फार आवडते. कार्ल युंगचं स्वभावप्रकारांवरचं पुस्तक १९२१ मध्ये जर्मनमध्ये आणि १९२३ मध्ये इंग्रजीत आलं. ते वाचल्यावर कॅथरीनबाईंनी स्वतःची टिपणं जाळून टाकली, असं सांगतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, बायका कारखान्यांत आणि कचेऱ्यांत आल्या, आणि कोणाला कोणत्या कामाला लावायचं हा प्रश्न निकडीचा झाला. इझाबेलनं आईचा अभ्यास प्रश्नावलीत ओतला. १९४३ मध्ये तिचा पहिला नमुना तयार झाला. माणूस बाहेर मोकळा होतो की आत, तपशील बघतो की एकूण चित्र, तर्कानं ठरवतो की मनानं, आखीव जगतो की मोकळं, असे चार प्रश्न. प्रत्येकाची दोन उत्तरं, म्हणून एकूण सोळा प्रकार.

याच काळातला दुसरा मासला विल्यम मार्स्टन यांचा. त्यांनी १९२८ च्या पुस्तकात माणसांच्या वागण्याचे चार ढंग मांडले. आज ट्रेनिंगवाले लाल, पिवळा, हिरवा, निळा अशा रंगांत माणसं वाटतात, त्यातल्या बऱ्याच पद्धतींचं मूळ इथं सापडतं. रक्तदाबावरून खोटं पकडण्याची पद्धत काढणारेही मार्स्टनच आणि १९४१ मध्ये कॉमिकच्या पानांवर ‘वंडर वुमन’ आणणारेही तेच. माणूस कल्पक होता, यात वाद नाही.

अडचण ‘प्रकार’ या कल्पनेतच आहे. समजा, साडेपाच फुटांवर रेघ मारून वरच्यांना ‘उंच’ आणि खालच्यांना ‘बुटके’ म्हटलं, तर पाच फूट सात इंचांचा माणूस सहा फुटी माणसाच्या गटात जाईल आणि पाच फूट पाच इंचांचा त्याचा भाऊ दुसऱ्या गटात. स्वभावाचं तसंच होतं. मोजायला गेलं तर बहुतेक माणसं मधेच कुठेतरी सापडतात, टोकाला थोडी. मधल्या माणसानं तीच प्रश्नावली काही आठवड्यांनी पुन्हा भरली की त्याचं एखादं अक्षर सहज बदलतं. निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख माणूस असा नसतोच, हे खुद्द युंगही सांगत असत. आणि ही चाचणी विकणारी कंपनीसुद्धा नोकरभरतीसाठी ती वापरू नका असंच सांगते. तरी ती वापरली जाते.

मग अहवाल हातात पडल्यावर ‘अगदी मीच!’ असं का वाटतं? बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि आठवड्यानं प्रत्येकाला त्याचं म्हणून वर्णन दिलं. ते स्वतःला किती लागू पडतं, याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग उघड झालं की सगळ्यांच्या हातात शब्दन्‌शब्द एकच कागद होता, आणि त्यातली वाक्यं पेपरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. बाहेरून शिस्तीचे, आतून काळजीत. कधी मिळून मिसळून, कधी एकलकोंडे. असं कोण नसतं?

म्हणून ही सोळा घरं टाकाऊ आहेत, असं माझं म्हणणं नाही. ‘तू आडमुठा आहेस’ म्हणण्यापेक्षा ‘तुला आधी तपशील लागतो, मला आधी चित्र लागतं’ हे बोलणं केव्हाही बरं. गप्पांना सुरुवात म्हणून चाचणी चालते. बढती, बदली किंवा नोकरी ठरवायला ती चालत नाही.

मानसशास्त्रज्ञ दुसऱ्याच वाटेनं गेले होते. माणसातले फरक महत्त्वाचे असतील तर भाषेनं त्यांना शब्द दिलेच असतील, हा विचार फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८४ मध्ये मांडला. १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी वेबस्टरचा जाडजूड शब्दकोश चाळून माणसाच्या वागण्याचे जवळजवळ १८ हजार शब्द वेगळे काढले. पुढे रेमंड कॅटेल यांनी ते गाळत गाळत थोडक्यावर आणले. १९६१ मध्ये अमेरिकी हवाई दलातल्या ट्यूप्स आणि क्रिस्टल या दोघा संशोधकांना बाकीचं वगळल्यावर पाचच गुण सापडले. त्यांचा अहवाल सरकारी कागदांत पडून राहिला. १९८१ मध्ये लुईस गोल्डबर्ग यांनी ‘बिग फाइव्ह’ हे नाव दिलं आणि ते टिकलं. काटेकोरपणा, बहिर्मुखता, मिळतंजुळतं घेणं, चिंतातुरपणा आणि नव्याची ओढ, हे ते पाच गुण. इथं घरं नाहीत, पट्ट्या आहेत. प्रत्येक माणूस पाचही पट्ट्यांवर कुठेतरी असतोच.

कामाशी यांचा संबंध किती? मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी १९९१ मध्ये ११७ अभ्यास एकत्र करून पाहिले. पोलिसांपासून विक्रेत्यांपर्यंत सगळ्या व्यवसायांत कामाशी नातं सांगणारा गुण एकच निघाला, काटेकोरपणा. बहिर्मुखता विक्रेत्यांच्या आणि व्यवस्थापकांच्या कामात उपयोगी दिसली, इतरत्र फारशी नाही. पण हे नातं केवढं? सहसंबंध ०.२ च्या आसपास. म्हणजे दोन माणसांच्या कामात जो फरक पडतो, त्याचा जेमतेम पंचविसावा भाग या गुणानं समजतो. उरलेलं कौशल्य, अनुभव, पगार, यंत्र, साहेब, घर, आणि त्या दिवशी वाकडच्या पुलावर किती वेळ गेला यात वाटलेलं. अहवालात ‘काटेकोरपणा कमी’ वाचून अर्ज बाजूला टाकणाऱ्या एचआरला हा आकडा माहीत असायला हवा.

दोन वर्षांनी त्याच जोडीनं आणखी एक गोष्ट दाखवली, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. ज्या व्यवस्थापकांना स्वतःचे निर्णय घ्यायची मोकळीक होती, त्यांच्या कामात स्वभावाचा ठसा ठळक दिसला. जिथं मोकळीक कमी, तिथं तो फिका. म्हणजे प्रत्येक पायरी वरून ठरवून द्यायची आणि मग ‘याच्यात इनिशिएटिव्ह नाही’ असा शेरा मारायचा, हे त्या माणसावर अन्यायाचं आहे. वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये हाच मुद्दा जोरात मांडला होता. माणूस कसा वागेल हे त्याच्या स्वभावाइतकंच तो कुठं उभा आहे यावरही ठरतं. चाकणच्या कारखान्यात पहिल्या पाळीत कुरकुरणारा ऑपरेटर दुसऱ्या पाळीत, दुसऱ्या सुपरवायझरखाली, नीट काम करताना दिसतो. स्वभाव तोच असतो, बदलतो तो सुपरवायझर.

नेत्याच्या स्वभावाचंही तसंच. अ‍ॅडम ग्रँट, फ्रान्सेस्का जिनो आणि डेव्हिड हॉफमन यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका पिझ्झा साखळीची ५७ दुकानं अभ्यासली. सांगितलं तेवढंच करणाऱ्या कामगारांच्या दुकानात बोलका, उत्साही मॅनेजर असला की नफा जास्त. पण जिथं कामगार स्वतःहून सुचवत, सुधारत होते, तिथं तोच बोलका मॅनेजर नफा घटवत होता आणि शांत मॅनेजर पुढे होता. कारण साधं आहे. बोलक्या साहेबाला सूचना ऐकायला सवड नसते, कधी कधी ती आव्हानासारखीही वाटते. आपल्याकडे ‘लीडरशिप क्वालिटी’ म्हणजे मीटिंगमध्ये मोठ्यानं बोलणं, अशी समजूत फार घट्ट आहे. विक्रीतही ती पुरती खरी नाही. ग्रँट यांच्याच २०१३ च्या अभ्यासात फोनवर विक्री करणाऱ्यांत सर्वांत जास्त कमाई मधल्या माणसांनी केली, सर्वांत बोलक्यांनी नाही.

शांत माणसाकडून काम काढून घ्यायला फार काही लागत नाही. मीटिंगचे विषय आदल्या दिवशी पाठवा आणि सुरुवातीची पाच मिनिटं प्रत्येकाला आपलं म्हणणं लिहू द्या. काटेकोर माणसाचा त्रास वेगळा. पतसंस्थेत मार्चअखेरीला त्याच्याशिवाय पान हलत नाही, पण दुपारी चार वाजता प्राधान्य बदललं की तो कोलमडतो. त्याला नवं काम देताना जुन्यातलं काय सोडायचं, हे साहेबानंच सांगावं लागतं. तो स्वतःहून काही सोडत नाही. ‘हो हो, करतो की’ म्हणणाऱ्या मिळत्याजुळत्या माणसाच्या टेबलावर इतरांची कामं साठतात, आणि इन्क्रिमेंटच्या वेळी तो तोंड उघडत नाही. अशा पुरुषांना पगार कमी मिळतो, हे २०१२ च्या एका अभ्यासात दिसलेलं आहे. त्यानं मागायची वाट साहेबानं बघू नये.

शेरे लिहिताना मात्र साडेतीनशे वर्षांपूर्वीचा धडा कामाला येतो. दासबोधाचा दुसरा दशक मूर्खलक्षणांनी सुरू होतो, पुढे रज, तम आणि सत्त्व यांची लक्षणं येतात आणि शेवटी पढतमूर्ख. समर्थ रामदास तिथं कृती मोजतात: कोण कसं बोलतो, कुठं तोंड घालतो, काय लपवतो. शिकलेल्यालाही मूर्खलक्षणं चिकटू शकतात, हे ते बजावून सांगतात. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये ‘दृष्टिकोन नकारात्मक’ असं लिहिलं की माणूस फक्त दुखावतो. ‘गेल्या तिमाहीत तीनदा ग्राहकाचा फोन परत केला नाही’ असं लिहिलं तर तो वाद घालेल, खुलासा देईल, कदाचित सुधारेलही.

माणूस नीट पारखायला वेळ लागतो, हे आपल्या सैन्याला केव्हाच कळलं. अधिकारी निवडीचं पहिलं प्रायोगिक मंडळ १९४३ मध्ये डेहराडूनला बसलं. आजही सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डात उमेदवार पाच दिवस राहतो. एका शब्दाला पंधरा सेकंद या वेगानं साठ शब्दांवर मनात येईल ते लिहितो, चित्रांवरून गोष्टी रचतो, गटाबरोबर दोऱ्या-फळ्यांची कोडी सोडवतो, प्रदीर्घ मुलाखत देतो. मनसा, वाचा, कर्मणा अशी तीन पारख्यांची विभागणी. मानसतज्ज्ञ लिहिलेलं बघतो, मुलाखतकार बोललेलं, तिसरा केलेलं. तिघं आपापलं मत स्वतंत्र बनवतात आणि शेवटी एकत्र बसतात. संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व संस्थेतून १९७७ पासून मराठी मुलं या वाटेनं जात आहेत. दुसरीकडे कंपन्या वीस मिनिटांच्या ऑनलाइन फॉर्मवर माणूस ठरवतात, आणि फॉर्म भरणाऱ्यालाही कोणतं उत्तर दिलं की नोकरी मिळेल हे कळत असतं. भरतीसाठी त्यापेक्षा सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं, आधी ठरवलेल्या गुणपद्धतीनं विचारणारी मुलाखत बरी. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी जुन्या अभ्यासांची फेरतपासणी केली, तेव्हा अशीच मुलाखत यादीत सर्वांत वर आली.

बढतीत सगळ्यात मोठी गल्लत होते. सर्वांत जास्त विकणारा माणूस विक्रीप्रमुख होतो, सर्वांत चांगला प्रोग्रॅमर टीम लीड होतो. बेन्सन, ली आणि शू या अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या अनेक कंपन्यांची विक्रीची आकडेवारी तपासली. अव्वल विक्रेत्यांना साहेब होण्याची संधी जास्त मिळत होती आणि त्यांच्या हाताखालच्यांची विक्री घसरत होती. इतरांबरोबर मिळून सौदे केलेले विक्रेते साहेब म्हणून सरस ठरत होते. तेव्हा मोठा साहेब पुढच्या वेळी महिनाभर रजेवर गेला की चार्ज सर्वांत हुशार माणसाकडे न देता, ज्याच्याकडे बाकीचे अडचण घेऊन जातात त्याच्याकडे देऊन बघावा. महिनाअखेरीला टीमला विचारावं. तेवढ्यासाठी कुठलीही चाचणी विकत घ्यावी लागत नाही.