किनाऱ्यावरच्या छोट्या वादळाची तीन दशकं

१९९०च्या दशकात उत्तर नॉर्वेतल्या कोफ्योरमध्ये रस्त्यालगतच्या पाट्यांवर बंदुकीच्या गोळ्या झाडल्या जायच्या. १९९२ साली सामी या तिथल्या आदिवासी समाजाच्या भाषेचे नवे नियम लागू झाले. सहा पालिकांमध्ये नॉर्वेजियनच्या जोडीला सामीला अधिकृत दर्जा मिळाला, त्यांत ट्रॉम्स प्रांतातली कोफ्योर ही एकच पालिका होती. पाट्यांवर दोन नावं आली, कोफ्योर आणि गाईवुओत्ना. सामी नावाला गोळ्यांनी छिद्रं पडली. पाटी बदलली की पुन्हा तेच. वाद गावातल्यांचा गावातल्यांशी होता, कित्येकदा एकाच घरातल्या माणसांचाही.

याच पालिकेतल्या मानदालेन खोऱ्यात १९९१पासून दर उन्हाळ्यात ‘रिद्दु रिद्दु’ महोत्सव भरतो. नावाचा अर्थ किनाऱ्यावरचं छोटं वादळ. जुलैत तिथे रात्र होतच नाही. सूर्य डोंगराआड गेला तरी उजेड जात नाही. या महोत्सवाचा रंगमंच, तिथले गायक, दूरदेशचे पाहुणे यांविषयी पुष्कळ लिहिलं जातं. मला मात्र तीसेक वर्षांचा हा प्रवास पाहताना ती पाटी आधी आठवते. लोकांच्या मनात केवढी भीती आणि लाज मुरली होती हे कळल्याशिवाय या मेळ्याचं मोल कळत नाही.

सामी म्हटलं की रेनडिअरचे कळप आणि बर्फावरून सरकणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर येतात. कोफ्योरचे सामी त्या चित्रातले नव्हेत. ते किनाऱ्यावरचे. मासेमारी, चार मेंढ्या, एखादी गाय, उतारावरचं थोडं गवत, एवढ्यावर त्यांचा संसार चालायचा. नॉर्वेजियन शेजारीही असंच जगत, त्यामुळे या सामींना वेगळं ओळखू येण्याजोगं फारसं काही उरलं नाही आणि त्यांचं सामीपण पुसणं सोपं गेलं. १८५१ मध्ये नॉर्वेच्या संसदेने उत्तरेकडच्या लोकांना नॉर्वेजियन भाषेकडे वळवण्यासाठी खास निधी मंजूर केला. पुढे शाळेत सामी बोलणं बंद झालं. योइक हे सामींचं पारंपरिक गाणं; किनाऱ्यावर लेस्तादियन पंथाचा धार्मिक पगडा घट्ट होता आणि या पंथाच्या लेखी योइक म्हणजे पाप. मुलांना त्रास नको म्हणून आईबाप घरातही नॉर्वेजियन बोलू लागले. जवळच्या क्वेनांगेनमध्ये १९३०च्या जनगणनेत मोठ्या संख्येने नोंदलेले सामी आणि क्वेन (फिनिश वंशाचे स्थानिक) १९५०च्या जनगणनेत जवळजवळ दिसेनासे झाले. माणसं तीच होती, नोंद बदलली होती.

या दोन जनगणनांच्या मध्ये एक आग आहे. १९४४च्या शरदात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फिनमार्क आणि उत्तर ट्रॉम्समधली घरं, गोठे, होड्या जाळल्या आणि लोकांना बळजबरीने हलवलं. कोफ्योरही त्यात होरपळलं. युद्धानंतर सरकारी आराखड्याची घरं उभी राहिली, आत कारखान्यातलं सामान आलं. आजीचा पोशाख, आजोबांची अवजारं, ज्यांवर बोट ठेवून ‘हे आपलं’ म्हणता आलं असतं त्या वस्तूच राखेत गेल्या. सामीपण नाकारायचं ठरवलेल्या माणसाला घरात विरोध करणारा एकही पुरावा उरला नाही. या आगीचा उल्लेख महोत्सवाच्या गोष्टीत बहुधा येत नाही. माझ्या मते तो हवाच.

तरी एक गोष्ट मानदालेनमध्ये तगली. तिथल्या बायका ‘ग्रेने’ विणत. मेंढीच्या लोकरीचं हे जाड पांघरूण उभ्या मागावर होतं. वरच्या दांड्यावरून ताणा खाली सोडतात, त्याच्या टोकांना दगड बांधतात आणि त्या वजनाने धागे ताठ राहतात. बाणा खालून वर ठोकत न्यायचा, म्हणजे कापड वरून खाली वाढत येतं. हातमागाचा हा प्रकार युरोपात बहुतेक ठिकाणी केव्हाच मागे पडला होता. १९५०च्या दशकात नॉर्वेजियन अभ्यासक मार्ता हॉफमन यांना मानदालेनमध्ये या मागावर विणणाऱ्या बायका भेटल्या आणि त्यांच्या हातांचं काम पाहून त्यांना प्राचीन मागाचं कोडं सुटत गेलं. गावाला आपलं सामीपण आठवेनासं झालं होतं, पण बायकांचे हात ते काम विसरले नव्हते.

अशा गावात वाढलेली तरुण पिढी १९९०च्या सुमारास प्रश्न विचारू लागली. आजूबाजूलाही बरंच घडत होतं. १९७९ ते १९८१ या काळात आल्ता नदीवरच्या धरणाविरुद्ध सामींनी मोठा लढा दिला होता. धरण झालं, पण सामींचे हक्क देशाच्या चर्चेत आले. १९८९ मध्ये नॉर्वेतली सामी संसद सुरू झाली. त्याच वर्षी सामी गायिका मारी बोईने यांचा ‘गुला गुला’ हा गीतसंग्रह आला आणि योइकाचा सूर तरुणांच्या कानांत अभिमानाने घुमला. कोफ्योरच्या पोरांनी १९९१ मध्ये आपल्याच खोऱ्यात छोटासा मेळा भरवला. ‘आपण सामी आहोत’ हे चारचौघांत म्हणायला त्यांना जागा हवी होती.

पुढे मेळा वाढला. सैबेरियाचे नेनेत्स, जपानचे आयनू, ग्रीनलंडचे इनुइट, घशातून दोन सूर काढणारे तुवाचे गायक असे उत्तरेकडचे समाज पाहुणे म्हणून येऊ लागले. हा निर्णय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. स्वतःच्या गावात अल्पसंख्य असलेल्या मुलाला एकदम कळतं की आपल्यासारखी गोष्ट असलेली माणसं अर्ध्या जगात आहेत. मुलांसाठी वेगळे कार्यक्रम झाले, तरुणांची शिबिरं झाली. ल्युंगेन भागाचा हरवलेला गाक्ती, म्हणजे सामी पोशाख, जुन्या नोंदींवरून पुन्हा शिवला गेला आणि मेळ्यात मिरवला. पुढे मानदालेनमध्ये उत्तरेच्या लोकसमाजांचं केंद्र उभं राहिलं. २००९ मध्ये नॉर्वेने रिद्दु रिद्दुला राष्ट्रीय महत्त्वाच्या महोत्सवांत स्थान दिलं. १९९९पासून दक्षिणेकडे, ट्रॉम्स आणि नूरलान प्रांतांच्या सीमेवर, मार्कोमिआन्नु हा दुसरा सामी मेळाही भरू लागला.

या तीन दशकांत काय बदललं? लाज सरली, हे निर्विवाद. ज्या घरांत सामी नाव उच्चारलं जात नव्हतं, तिथली नातवंडं आता गाक्ती घालून मेळ्याला येतात. पालिकेच्या पाटीवर आज सामी आणि नॉर्वेजियनसोबत क्वेन नावही आहे. भाषेचं मात्र तसं झालेलं नाही. दोन पिढ्यांनी घरात सोडलेली भाषा चार दिवसांच्या गाण्यांनी परत येत नाही. नातू योइक गातो, पण आजीशी सामीत बोलू शकत नाही, आणि आजीलाही ती आता अर्धवट आठवते. महोत्सवाला मी याचा दोष देत नाही, त्याने आपल्या वाट्याचं काम केलं. उरलेलं काम बालवाडीचं, शाळेचं आणि सरकारी तिजोरीचं आहे.

जून २०२३ मध्ये नॉर्वेजियनीकरणाची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने आपला अहवाल संसदेला दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये संसदेने सामी आणि क्वेन लोकांची, तसंच फिनिश वंशाच्याच वनफिन समाजाची नॉर्वेजियनीकरणाबद्दल अधिकृत माफी मागितली. ज्या सभागृहाने १८५१ मध्ये निधी मंजूर केला होता, त्याच सभागृहाने. आता त्याच सभागृहाकडून सामी शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आणि भाषावर्गांसाठी वर्षामागून वर्षं न चुकता पैसा आला पाहिजे. कोफ्योरच्या तरुणांनी तो पैसा येईपर्यंत वाट पाहिली नाही, म्हणून निदान मागणी करायला आज तिथे कुणीतरी आहे.